बैल गेला आणि वडील जेवेनासे झाले

"बैलासाठी माणूस इतका खचतो का? वडिलांच्या डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना?" 2022 च्या हिवाळ्यात हा प्रश्न मला वेगवेगळ्या घरांतून ऐकू आला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोगाची, म्हणजे गायी-बैलांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या आजाराची, जनावरं आढळली आणि बघता बघता साथ राज्यभर पोचली. हजारो दावणी रिकाम्या झाल्या. त्यातल्या एका घराबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पुण्यात नोकरीला असलेला मुलगा वडिलांना माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आला होता. आबांनी साठी ओलांडलेली, नगरकडची कोरडवाहू शेती. हरण्या आणि सोन्या ही त्यांची बैलजोडी. हरण्या जाऊन दोन महिने झाले होते, तरी आबा पहाटे चारला उठत, गोठ्यात जात आणि त्याच्या जागेशी बसून राहत. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. "आजी गेली तेव्हासुद्धा आबा असे झाले नव्हते, मॅडम," मुलगा म्हणाला. आबांची मान खाली गेली.

दुःखाबरोबर लाजही होती. आई गेली तर गाव दारात येतं, तेरा दिवस माणसाला कुणी एकटं सोडत नाही. बैल गेला तर तिसऱ्या दिवशी विचारतात, "दुसरा कधी आणता?" ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मानतच नाही, त्यावर अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये सविस्तर मांडणी केली. असं दुःख उघडपणे करता येत नाही, म्हणून ते लांबतं. आबांना वेड लागलेलं नव्हतं. बारा वर्षं रोज ज्याच्या पाठीवर हात फिरवला, ज्याच्या जिवावर घर चाललं, त्याच्यासाठी ते रडत होते, आणि तेही चोरून.

तरीही पहिल्याच भेटीत मी सरळ विचारलं, "आबा, जीव नकोसा होतो का?" असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "कधी कधी वाटतं," ते म्हणाले. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी बाहेर हलवायला मी मुलाला सांगितलं, आणि आबांना काही दिवस एकटं न ठेवायलाही.

खरा सल दुसऱ्या भेटीत बाहेर आला. "लस टोचताना मीच शिंगं धरून उभा होतो. चौथ्या दिवशी अंगावर गाठी. म्हंजे मीच मारला की त्याला." थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टर म्हणले येगळा बांधा. बांधला लांब. तो सोन्याकडं बघून हंबरायचा. कधी एकटा राहिला नव्हता हो तो."

यावर मी "तुमचा काही दोष नाही" म्हटलं असतं, तर त्यांनी मान हलवली असती आणि मनात काही फरक पडला नसता. हा प्रश्न जनावराच्या आजाराचा होता. त्याचं उत्तर जनावरांच्या डॉक्टरांनीच द्यायला हवं होतं. आबांना विचारून मी त्यांच्या पशुवैद्यकांना फोन केला, आणि पुढच्या भेटीला ते स्वतः येऊन बसले.

त्यांनी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. विषाणू अंगात शिरल्यावर गाठी दिसायला काही दिवस, कधी चार आठवडेही लागतात. लसीचं पूर्ण संरक्षण मिळायला साधारण तीन आठवडे जातात. चौथ्या दिवशी गाठी आल्या, म्हणजे आजार सुईच्या आधीच अंगात होता. शिवाय तेव्हा दिली जात होती ती शेळ्यांच्या देवी रोगावरची लस, तिच्यात लम्पीचा विषाणूच नसतो. वेगळं बांधण्याबद्दल म्हणाले, "रोग माश्या, डास, गोचीड यांच्यातून पसरतो. सोन्या त्यामुळेच वाचला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण शेजारी ठेवला असता तर त्याचा धोका वाढला असता." हे ऐकून आबांचा विश्वास बसला, कारण डॉक्टरांनी गोड काही सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टर म्हणाले, "हरण्या रवंथ करत नाही, असा तुमचा फोन आला तेव्हा त्याच्या अंगावर एक गाठ नव्हती. जखमा धुणं, हातानं घास भरवणं, हे तुम्ही केलंत. ती अर्धी शुश्रूषा असते." आबा तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले. मुलाने त्यांना थांबवलं नाही.

साथीच्या दिवसांत हे डॉक्टर आणि पशुधन पर्यवेक्षक अंधार पडेपर्यंत गावोगाव फिरत होते. कुणापाशी बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? तरी माझं ठाम मत आहे की जनावर दगावल्यानंतर मालकाशी दहा मिनिटं बोलणं हाही उपचाराचा भाग आहे. जो जनावरावर जीव लावतो तोच आजार लवकर ओळखतो, औषधपाणी वेळेवर करतो, आणि उपचार हरले की स्वतःला सगळ्यात जास्त दोष देतो. पुढच्या वेळी त्याने लगेच फोन करावा, लसीला घाबरू नये, असं वाटत असेल तर त्याच्या मनातला हा प्रश्न तसाच ठेवून चालत नाही.

सरकारी मदतीचे पंचवीस हजार खात्यात पडून होते. "हरण्याचे पैसे खायचे का?" आबा विचारत. मी घाई करू दिली नाही. पुढे त्यांनी स्वतःच त्यातून गोठ्याची जमीन पक्की केली, चिखल आणि माश्या कमी व्हाव्यात म्हणून. झोप आणि जेवण तोवर बरंच सुधारलं होतं.

मुलगा अजून अधूनमधून विचारतो, "नवा बैल घेतील तेव्हा आबा पूर्ण बरे झाले असं समजायचं का?" मी नाही म्हणते. सोन्याची शेजारच्या बैलाशी जोडी लावून पेरणी झाली, एवढं सध्या पुरेसं आहे. तुमच्या घरी असं कुणी असेल तर जनावराचं नाव घेऊन बोला, शेवटचे दिवस कसे गेले ते विचारा, जमलं तर डॉक्टरांना गाठा. जेवण-झोप आठवड्यामागून आठवडे बिघडलेली असेल किंवा मरणाची भाषा कानावर आली, तर वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.