एमएस्सीनंतर केमिस्ट्रीत पीएचडी? आधी एवढं बघ

ऐरोलीत राहून पीएचडीचा विचार करतेस, वाचून छान वाटलं. घाबरू नकोस, सुरुवातीला थोडंच बघायचं असतं.

- सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा केमिकल सायन्सेसचा पेपर दे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडेभत्ता. सोबत गेट ही प्रवेश परीक्षाही दे.
- गाइड, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक प्राध्यापक, नीट निवड. सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि संस्थेच्या नावावर भुलून नवी मुलं इथेच चुकतात. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाच. लॅबमधल्या मुलांना बाजूला गाठून विचार: सर वेळ देतात का, थीसिस किती वर्षांत होतो? पाचेक वर्षं त्या माणसासोबत काढायची आहेत. आणि एकच ईमेल सगळ्या प्राध्यापकांना पाठवू नकोस, लगेच ओळखू येतो.
- घराजवळही पर्याय भरपूर आहेत: ठाण्याला गाडी बदलून कांजूरमार्गला उतरलीस की पवईची आयआयटी, माटुंग्याला आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), कालिन्याला मुंबई विद्यापीठ. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) हीही यादीत ठेव.

थीसिसचा विषय आत्ताच पक्का करू नकोस. एमएस्सीचा प्रोजेक्ट मनापासून कर, लॅब नोटबुक रोजच्या रोज लिही. मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात.