उत्सवाच्या गीतात मांजर कशासाठी?

प्रश्न : आमच्या चर्चच्या वर्धापनदिनी गायकवृंद इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची ‘रिजॉइस इन द लॅम्ब’ ही रचना ऑर्गनच्या साथीने गाणार आहे. तिच्यात मांजर आणि उंदीर यांच्यावर एकलगीते असल्याने मंडळीतील काही ज्येष्ठांना ती उपासनेत शोभणारी वाटत नाही. त्यांना काय सांगावे? तसेच आमच्याकडे पाइप ऑर्गन नाही, त्याचे काय करावे?
— एक वाचक, वसई

उत्तर : ही रचना मुळात अशाच प्रसंगासाठी झाली, हे ज्येष्ठांना आधी सांगावे. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या सेंट मॅथ्यूज चर्चच्या पवित्रीकरणाला ५० वर्षे झाली, तेव्हा तेथील धर्मगुरू वॉल्टर हसी यांनी ती ब्रिटन यांच्याकडून लिहून घेतली आणि सप्टेंबर १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, ती तेथे प्रथम गायली गेली.

शब्द अठराव्या शतकातील कवी ख्रिस्तोफर स्मार्ट यांचे आहेत. रस्त्यात गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना करणाऱ्या या माणसाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले होते आणि ही दीर्घ कविता त्याच काळातली आहे. ती छापली गेली मात्र १९३९ मध्ये. स्मार्ट यांच्या मते प्रत्येक प्राणी आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो तेव्हाच देवाची स्तुती करत असतो. म्हणून कवितेत बायबलमधला शिकारी निम्रोद बिबळ्या घेऊन येतो, संदेष्टा दानीएल सिंह घेऊन येतो, आणि जेफ्री हे स्मार्ट यांचे स्वतःचे मांजर अंग वळवून, गिरक्या घेऊन आपली उपासना करते. बायबलमधील १४८ वे स्तोत्र वनपशूंना आणि गुराढोरांनाही स्तवन करायला सांगते. ज्येष्ठांना ते आवर्जून वाचून दाखवावे.

माझ्या मते या रचनेचा कणा मांजरात नसून मध्यभागी येणाऱ्या काळोख्या समूहगीतात आहे. पहारेकरी आपल्याला काठीने मारतो, लोक वेडा म्हणतात, आणि हाच आरोप माझ्या तारणाऱ्यावर, म्हणजे येशूवरही झाला होता, असे कवी तेथे म्हणतो. मार्काच्या शुभवर्तमानातील तिसरा अध्याय जाणणाऱ्याला हा संदर्भ लगेच कळेल. वेळ कमी आहे म्हणून हा भाग गाळू नये, कारण त्याच्यावाचून पुढच्या गीतातली वाद्यांच्या नावांची गजबज आणि शेवटचा हालेलुया, म्हणजे देवाच्या स्तुतीचा घोष, पोकळ वाटतील. तो हालेलुया गर्जनेचा नाही, संथ आणि हळू आवाजातला आहे, तेव्हा टाळ्यांसाठी तो चढवण्याचा मोह संचालकांनी आवरावा.

पाइप ऑर्गन नसला तरी चालेल. मात्र पायपट्टी (पायांनी वाजवायची स्वरपट्टी) असलेला चांगला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन हवा, हार्मोनियमवर हे निभणार नाही. मांजराचे गीत शक्यतो लहान मुलाच्या किंवा मुलीच्या आवाजात बसवावे आणि त्याची तालीम ऑर्गनवादकासोबत आधीपासूनच घ्यावी, कारण मांजराच्या हालचाली साथीतूनही ऐकू यायला हव्यात.