नाना मधेच हरवल्यासारखे बसतात, ही फिट असते का?

प्रश्न : आमच्या नानांना (सासरे, वय 72) दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला. गेले पाच-सहा महिने ते मधेच एकटक बघत बसतात, हाक मारली तर ओ देत नाहीत, तोंडानं मचमच करतात आणि शर्टाचं बटण चिवडत राहतात. परवा हातातला चहा मांडीवर सांडला तरी त्यांना कळलं नाही. दीड-दोन मिनिटांत थांबतं पण मग तासभर नातवाला स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारतात. सगळे म्हणतात वय झालं. न्यूरोलॉजिस्टनी फिटची गोळी दिलीय, लेव्हेटिरॅसिटाम, पण तेव्हापासून ते झोपाळलेले आणि चिडचिडे असतात. ईईजी (मेंदूतल्या विजेची पट्टी) तर नॉर्मल आला होता, मग फिट कशी? गोळी बंद केली तर चालेल का? आणि ते अजून स्कूटर चालवतात.
– एक सून, सांगली

उत्तर : ताई, गोळी आपल्या मनानं बंद करू नका, एकदम थांबवली तर मोठी फिट येऊ शकते आणि या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

आता बटण चिवडण्याबद्दल, कारण ते तुम्ही इतकं नीट बघितलंय की निम्मं निदान तिथंच झालं. फिट म्हटलं की आपल्याला हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस एवढंच आठवतं, पण म्हातारपणी ती बऱ्याचदा अशीच येते, एकटक नजर, मचमच, कपडे चाचपणं आणि नंतरचा गोंधळ. तरुणांमध्ये हा गोंधळ थोड्या वेळात जातो, वयस्कर माणसात तो काही तास, कधी तर एक-दोन दिवससुद्धा राहतो, म्हणून घरचे त्याला विसरभोळेपणा समजतात आणि महिने वाया जातात, मला याचंच फार वाईट वाटतं. पॅरालिसिसमध्ये मेंदूला जखम होते, त्या जागेवरून नंतर फिट सुरू होणं हे उतारवयातलं अगदी नेहमीचं कारण आहे. ईईजी म्हणजे अर्ध्या तासाची पट्टी, तेवढ्या वेळात काही दिसलं नाही म्हणून फिट नाही असं होत नाही. पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

झोप आणि चिडचिड हे दोन्ही या गोळीनं होऊ शकतं. ही गोळी किडनीवाटे बाहेर पडते, वयानुसार किडनीचं काम कमी झालेलं असतं, त्यामुळे तरुणाचा डोस नानांना जड जाऊ शकतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून डोस कमी करता येतो किंवा लॅमोट्रिजीनसारखी दुसरी गोळी हळूहळू वाढवत देता येते. रक्तातलं सोडियमही तपासून घ्या, लघवीची गोळी चालू असेल तर ते उतरू शकतं आणि फार उतरलं तर त्यानंही फिट येऊ शकते. आणि गुडघ्यासाठी वगैरे घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, ट्रॅमाडॉल असलेली पेनकिलर फिटला आमंत्रण देते.

नाना पुन्हा असे हरवले की त्यांना धरून हलवू नका, हातातला कप काढून घ्या आणि शेजारी बसून शांतपणे बोलत राहा. पडून झटके आले तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा आणि घड्याळ बघा. चमचा, पाणी, कांदा, चप्पल, काही म्हणजे काही नको. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर लगेच 108 ला फोन. बाथरूमला आतून कडी नको, अंघोळ स्टुलावर बसून.

स्कूटर मात्र आजपासून बंद, लायसन्सच्या फॉर्ममध्येसुद्धा फिट येते का हे विचारलेलं असतं. चावी लपवू नका, त्यांना अपमान वाटेल. तुम्ही आणि तुमचे मिस्टर समोर बसा आणि सांगा की नाना, पॅरालिसिसच्या जखमेमुळे हे होतंय, डोकं बिघडलेलं नाही. फेफरं हा शब्द ऐकून त्या पिढीची माणसं गप्प होतात आणि मग फिट येऊन गेली तरी लपवतात, तेव्हा आधी त्यांना काय वाटतं ते विचारा.