पहिल्यांदाच एकट्यानं व्हिएतनामला जायचंय, गावाकडून तयारी कशी करू?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, वय २९, पासपोर्ट अजून काढलेला नाही, इंग्रजी जेमतेम, टूरवाल्यासोबत जायचं नाही, आणि घरचे घाबरलेत. मी तुमच्या शेजारच्याच तालुक्यात ऑनलाइन कामाचं दुकान चालवतो. लोकांचे पासपोर्टचे फॉर्म भरणं हे माझं रोजचं काम, आणि व्हिएतनामला एकटा जाऊन आलोय. म्हणून उत्तर देतो.

इंग्रजीचं नंतर पाहू. आधी सांगा, तुमचं नाव कोणत्या कागदावर कसं लिहिलंय?

आपल्याकडच्या माणसाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेचं असतं. टीसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वानखडे, दुसरीकडे वानखेडे. वडिलांच्या नावाला कुठं 'राव' लागलेला, कुठं गळालेला. सोसायटीत, बँकेत हे खपून जातं, कारण तिथला माणूस आपल्याला ओळखतो. विमान कंपनीच्या खिडकीवर 'चालते ना बावा' म्हणणारा कोणी नसतो. म्हणून दहावीची मार्कशीट, टीसी, आधार आणि पॅन टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. फरक निघाला तर आधी आधार दुरुस्त करा, मगच पासपोर्टचा अर्ज भरा. अर्जात आडनावाची चौकट वेगळी असते. ती रिकामी सोडून सगळं नाव एकाच चौकटीत कोंबू नका. एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर काही देश सरळ अडवतात. संयुक्त अरब अमिरातींनी २०२२ मध्ये तसा नियमच काढला.

साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. अपॉइंटमेंट नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात घ्या किंवा जवळच्या टपाल खात्यातल्या केंद्रात, जिथली तारीख लवकर मिळेल तिथली. दहावी पासचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. ते नसलं तर पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का येतो, म्हणजे ठरावीक अठरा देशांत कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. व्हिएतनाम त्या अठरा देशांच्या यादीत नाही, पण पुढं कधी आखातात कामाला जायचं ठरलं तर तोच शिक्का आडवा येतो. पोलीस पडताळणीसाठी ठाण्यातून फोन येतो. अर्जावर तुमच्याच हातातल्या मोबाइलचा नंबर द्या, आणि पोलीस पाटलांच्या कानावर आधीच घालून ठेवा. तुम्ही वावरात, घराला कुलूप, आणि 'अर्जदार पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा, असं होऊ देऊ नका.

व्हिसाचं काम त्यामानानं सोपं आहे. व्हिएतनाम ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतं. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. तुम्हाला २५ वाला पुरे. अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. गुगलवर शोधलं की वरच्या बहुतेक साइट दलालांच्या निघतात, दिसायला अगदी सरकारी. खऱ्या साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट व्हीएन'ने संपतो, तेवढं शेपूट पाहूनच कार्ड काढा. फॉर्ममध्ये कोणत्या विमानतळावरून आत शिरणार ते विचारतात, म्हणून हनोई की हो चि मिन्ह सिटी हे आधी ठरवा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी, पण तुमचा नवाच असणार.

बरं, केव्हा जायचं? कापसाची शेवटची वेचणी आणि तूर उरकल्यावर, म्हणजे मार्चमध्ये. फेब्रुवारी टाळा. चांद्र नववर्षाचा 'तेत' हा त्यांचा सगळ्यात मोठा सण जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येतो (२०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला). तेव्हा दुकानं बंद, रेल्वे-बसला मुंगी शिरायला जागा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य भागात, होई आनकडे, पुराचा धोका असतो. एप्रिलमध्ये दक्षिणेत उकाडा असतो. आपण पंचेचाळीसात राहणारी माणसं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण आपली उन्हाळी हवा कोरडी आणि तिथली दमट. तिथं सावलीत बसूनही घामाच्या धारा लागतात.

नागपूरहून थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्याहून आहे. कोलकात्याचा विचार आपल्याकडचे लोक करतच नाहीत, पण तिथून अंतर कमी पडतं आणि हावड्याच्या गाड्या बडनेरा, वर्धा, नागपूर करतच जातात. कुठूनही जा, त्या शहरात आदल्या दिवशी पोचा. गाडी पाच तास उशिरा धावली तर विमान थांबत नाही, आणि रेल्वेचं तिकीट वेगळं, विमानाचं वेगळं, त्यामुळे भरपाई कोणी देत नाही.

आता पैसा. इथं मी थोडा वेळ घेतो, कारण ग्रामीण भागातल्या माणसाची खरी अडचण इथंच होते.

तुमचं खातं जिल्हा बँकेत किंवा ग्रामीण बँकेत असेल तर ते एटीएम कार्ड बहुधा देशाबाहेर चालणार नाही. एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेत खातं उघडा आणि आंतरराष्ट्रीय डेबिट कार्ड मागून घ्या. कार्ड हातात आलं म्हणजे काम झालं असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार कार्डाचा परदेशातला वापर मुळात बंदच असतो. तो आपण बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करायचा असतो. निघण्याच्या आठवडाभर आधी सुरू करा, मर्यादा ठरवा, परत आल्यावर बंद करा. फोनपेच्या भरवशावर जाऊ नका. आपल्याकडे पानठेल्यावरही स्कॅनर असतो, त्यामुळे खिशात नोटा ठेवायची सवयच मोडली आहे. तिथं ती पुन्हा लावून घ्यावी लागते.

थोडे डॉलर रोख न्या. तालुक्याच्या शाखेत ते मिळायचे नाहीत. नागपूरच्या अधिकृत मनी चेंजरकडे पासपोर्ट, पॅन आणि तिकीट घेऊन जा. एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते; तुम्हाला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही पुरतील. नोटा कोऱ्या मागा. शाई लागलेली, कोपरा दुमडलेली नोट तिथं परत करतात. परतीसाठी भारतीय रुपये जवळ ठेवा, पण २५,००० च्या वर नको, तो नियम आहे.

तिथलं चलन डोंग. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग, म्हणून जेवणाचं बिल पन्नास हजारांत येतं आणि पहिल्या दिवशी डोकं फिरतं. सोपी युक्ती: शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनपेक्षा जरा कमीनं गुणा. पन्नास हजार म्हणजे १७० रुपयांच्या आसपास. पाच लाखांची आणि वीस हजारांची नोट दोन्ही निळ्या असतात, प्लास्टिकच्या, अंधारात सारख्याच दिसतात. एक सोळाशे-सतराशे रुपयांची, दुसरी सत्तरपेक्षाही कमी किमतीची. पाच लाखवाल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि टॅक्सीत नोट देताना आकडा तोंडानं म्हणत द्या.

फोनचंही इथूनच करून न्यायचं. तुमच्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. बोलायला नाही, बँकेचा ओटीपी यावा म्हणून. डेटासाठी तिथं व्हिएटेलचं सिम घ्या, पासपोर्ट दाखवला की विमानतळावर मिळतं. 'ग्रॅब' हे अ‍ॅप इथंच टाकून नंबर पडताळून ठेवा. तिकडची टॅक्सी, भाड्याची मोटरसायकल (चालवणाऱ्यासकट) सगळं त्यात येतं आणि भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही. नकाशा आणि गुगलचं भाषांतर इंटरनेटशिवाय चालेल असं डाउनलोड करा. मराठी आणि व्हिएतनामी दोन्ही त्यात आहेत. फक्त त्याच्यासमोर वऱ्हाडी बोलू नका, 'काऊन' म्हटलं की ते बिचारं गोंधळतं. शाळेत धडा वाचतो तसं बोला, छोटी वाक्यं.

आणि आता इंग्रजी. तिथल्या रस्त्यावरच्या बाईला, बसवाल्याला, चहावालीला तुमच्याइतकीही येत नाही. दोघांनाही येत नसली की कोणी लाजत नाही. बोटं, कॅल्क्युलेटर, मोबाइल, हसू, सगळं चालतं. इंग्रजी लागते ती फॉर्म भरताना, आणि ती घरी बसून सावकाश भरता येते.

मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या इमिग्रेशनवर मात्र प्रश्न विचारतील. एकटा तरुण, कोरा पासपोर्ट, आग्नेय आशिया, म्हटल्यावर अधिकारी थांबवतोच. त्याला कारण आहे. 'डाटा एन्ट्रीची नोकरी' म्हणून आपल्या पोरांना थायलंड-कंबोडियाला नेतात आणि म्यानमार, लाओस, कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबतात. भारत सरकारनं त्याबद्दल वारंवार सावध केलंय. तेव्हा कुठं राहणार, परतीचं तिकीट कुठाय, गावी काय करता, एवढ्याची उत्तरं हिंदीत, न चाचरता द्या. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि व्हिसा कागदावर छापून न्या. ऐन वेळी मोबाइलची बॅटरी संपली तर कोणाला काय दाखवणार? सातबारा न्यायची गरज नाही (युरोपच्या व्हिसाला शेतकरी तो जोडतात, म्हणून लोक विचारतात). व्हिएतनामच्या काउंटरवर मला तर काहीच विचारलं नाही, शिक्का मारला आणि पुढं. आणि तिकडं कोणी 'सीमेपलीकडं चांगलं काम आहे' म्हणालं तर उठून चालू पडा.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाही, पण माळकरी घरातले आहात असं लिहिलंय. तिथं जवळजवळ प्रत्येक गोष्टीत माशाचं पाणी असतं, भाजीतसुद्धा. 'तोय आन चाय' म्हणा, म्हणजे मी शाकाहारी. 'चाय' अशी पाटी असलेल्या बौद्ध खानावळी शहरात सापडतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक स्वतःच शाकाहार पाळतात, त्या दिवशी चंगळ. सोबत जवसाची चटणी, कोरडा ठेचा, तिखट-मिठाच्या पुऱ्या न्या. मोकळा भात सगळीकडे मिळतो, त्यावर चटणी टाकली की झालं. विमान सिंगापूर किंवा दुबईवरून बदलणार असेल तर खसखस लावलेले अनारसे नेऊ नका, तिथं खसखशीवर बंदी आहे. सिंगापूरला चघळायची तंबाखूही चालत नाही, तेव्हा खर्रा गावातच सोडा. रोजची औषधं पाकिटासकट, डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत टाकली तर काढायला लावतात.

तिथं गेल्यावर मोटरसायकल भाड्यानं घ्यायचा मोह होईलच, सगळे तरुण घेतात. घेऊ नका. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात हा भाग वेगळा. मुख्य म्हणजे भारतात मिळणारा वाहन चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारावरचा आहे आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं. म्हणजे तुम्ही तिथं विनापरवाना. भाड्यानं देणारा विचारणार नाही. अपघात झाला की विमा कंपनी विचारेल. प्रवासविमा काढाच, पण तो कुठं लागू नाही ते आधी वाचा. हनोई ते हो चि मिन्ह सिटी रेल्वे आहे, १,७२६ किलोमीटर. तिचा एखादा टप्पा दिवसा करा, खिडकीतून भातशेती नीट दिसते.

होई आनला गेलात तर चाळीसेक किलोमीटरवरचं 'मी सोन' चुकवू नका. चाम राजांची विटांची शिवमंदिरं, १९९९ पासून जागतिक वारशात. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानंच तिथं डागडुजी केली, आणि २०२० मध्ये काम करताना नवव्या शतकातलं एकसंध दगडाचं शिवलिंग सापडलं. गडचिरोलीतलं मार्कंड्याचं देऊळ पाहिलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

राहिले घरचे. त्यांना पासपोर्ट, व्हिसा, तिकिटांची झेरॉक्स आणि हॉटेलांची नावं-नंबर एका फाइलमध्ये द्या. भारताचा दूतावास हनोईला आहे, वाणिज्य दूतावास हो चि मिन्ह सिटीला; दोन्हींचे नंबर अधिकृत साइटवरून त्याच फाइलवर लिहा. तिथला पोलीस ११३, रुग्णवाहिका ११५, हे तुमच्या खिशात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं असतं, ते आईला नीट समजावून सांगा, नाही तर तिचा जेवणानंतरचा फोन तुम्हाला मध्यरात्री येईल. आणि 'रोज रात्री आठला फोन करतो' असा शब्द देऊ नका. एखाद्या दिवशी रेंज गेली तर नऊपर्यंत अर्धं गाव तुमच्या अंगणात जमेल. 'एक दिवसाआड करतो' म्हणा, आणि जमलं तर रोज करा.