मोठ्याला आकडी आली होती, धाकटीला डोस देऊ का?

नेहाताईंची (नाव बदललं आहे) मुलगी साडेदहा महिन्यांची. गोवर-रुबेलाचा नवव्या महिन्याचा डोस राहिला होता. सिस्टरांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "सर्दी आहे, पुढच्या बुधवारी येते" म्हणून त्या परत गेल्या. तिसऱ्या खेपेला सिस्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत मुलीचं लसीकरणाचं कार्ड होतं आणि त्याला चिकटून एक जुना, घड्या पडलेला डिस्चार्जचा कागद.

मी लशीचा विषयच काढला नाही. "हा कागद कुणाचा?" एवढंच विचारलं.

मोठ्या मुलाचा. त्याला हाच डोस दिल्यावर नवव्या दिवशी सणकून ताप भरला आणि दुपारी डोळे फिरवून आकडी आली. दोन-अडीच मिनिटं. "ओठ निळे पडले होते मॅडम. मीच त्याला मांडीवर धरून टोचून घेतलं होतं." मुलगा आज पहिलीत आहे, ठणठणीत आहे. घरात कुणी दोष दिला नव्हता. तरी ते शेवटचं वाक्य इतकी वर्षं त्या मनात धरून बसल्या होत्या.

लशीला नाही म्हणणाऱ्या आईला अडाणी ठरवणं मला पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आया स्वतःच्या हाताला घाबरलेल्या असतात. आजाराने काही झालं तर ते नशीब, लशीने झालं तर ते मी केलं. मनात हा हिशोब पक्का असला की कितीही आकडे ऐकवा, ते आत जातच नाहीत.

म्हणून मी आधी म्हटलं, "हो, ती आकडी लशीच्या तापानेच आली असणार." त्यांनी मान वर केली. आजवर सगळ्यांनी योगायोग म्हणून बोळवण केली होती. गोवराच्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो काम सुरू करायला आठवडाभर घेतो, म्हणून ताप साधारण सातव्या ते बाराव्या दिवसात येतो. नववा दिवस त्यात बरोबर बसतो.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे कागद बालरोगतज्ज्ञांना दाखवला. एकच झटका, थोडक्यात आटोपलेला, नंतर मूल व्यवस्थित: तापातली साधी आकडी. भावाला अशी आकडी आली होती म्हणून बहिणीची लस थांबवत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग मी रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद काढला. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे हजाराच्या थोडे वर ठिपके. लशीनंतर तापात आकडी येते ती तीन-चार हजार डोसांमागे एकदा, म्हणजे असे तीन-चार कागद शेजारी ठेवले तर त्यातला एक ठिपका. आणि ती आकडी मेंदूला इजा न करता जाते. हजार मुलांना गोवर झाला, तर एकाच कागदावरच्या एका मुलाच्या मेंदूला सूज येते. त्यातून वाचलेलं मूल बहिरं होऊ शकतं, मतिमंद होऊ शकतं. शिवाय चांगले उपचार मिळूनही हजारात एक ते तीन मुलं दगावतात, कुपोषित मुलांत त्याहून कितीतरी जास्त.

नेहाताईंनी कागदावर बोट ठेवलं. "पण लस सगळ्यांना देतात. गोवर सगळ्यांना थोडाच होतो?"

शंका अगदी रास्त होती. गोवर सगळ्यांना होत नाही, कारण आजूबाजूच्या मुलांनी लस घेतलेली असते. ते कवच विरलं की लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो संपर्कातून होतो. रुग्ण खोलीतून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. नेहाताई चेंबूरच्या. 2022 च्या अखेरीस शेजारच्या गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली, भिवंडी आणि मालेगावलाही ती पोहोचली, हे त्यांनी तेव्हा बातम्यांत पाहिलं होतं. विसरल्या होत्या. आपण सगळेच विसरतो.

मी त्यांना जपानची गोष्टही सांगितली. तिथे दोन बालकांच्या मृत्यूनंतर 1975 मध्ये डांग्या खोकल्याची लस थांबवली गेली. पुन्हा सुरू झाली तरी पालकांचा विश्वास उडालेला होता. 1974 मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे 393 रुग्ण होते. 1979 मध्ये ते तेरा हजारांवर गेले आणि 41 जण दगावले. भ्यायलेल्या त्या आईबापांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण न टोचणं हासुद्धा आपणच घेतलेला निर्णय असतो, हे मी नेहाताईंना तिथे सांगितलं.

सासूबाई सोबत होत्या. "आमच्या वेळी कुठे होत्या लसी? गोवर यायचा नि जायचा." मी विचारलं, "आजी, तुम्ही किती भावंडं?" "सात झालो. राहिलो पाच." मग बराच वेळ त्या नातीच्या पायातलं वाळं फिरवत राहिल्या.

"अजून सहा महिने थांबू का?" हा नेहाताईंचा शेवटचा प्रश्न. तापातल्या आकडीचं प्रमाण एक ते दीड वर्षाच्या सुमारास सर्वात जास्त असतं. थांबून आपण नेमके त्याच वयात डोस नेऊन ठेवतो, आणि तोवर मूल उघडं राहतं.

आकडी येणारच नाही असं वचन मी दिलं नाही. आली तर काय करायचं ते मात्र दोघींकडून वदवून घेतलं. कुशीवर झोपवायचं. तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवायची नाही. घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. तापाचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, त्याने आकडी टळेलच असं नाही.

त्याच बुधवारी उजव्या दंडात डोस दिला. घरी जाऊन त्यांनी कालनिर्णयवर सातवा ते बारावा दिवस लाल पेनाने गोल केला आणि मला फोटो पाठवला.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. ताप 101. "पोरगी खेळतेय मॅडम, पण माझे हात थरथरतायत." आम्ही वीस मिनिटं बोललो. मागे मुलगी वाटी आपटत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला.

पुढच्या भेटीत त्यांनी दुसऱ्या डोसाची चौकशी केली. मूल सोळा ते चोवीस महिन्यांचं असताना तो देतात. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून बाजारात आलं नव्हतं, म्हणून त्यांनी महिना कार्डाच्या मागे लिहून ठेवला.