दोन महिन्यांपासून गाडी उभी आहे

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात, चार एकर कोरडवाहू. मुलगा यंदा दहावी झाला, ६४ टक्के, गणितात ५१. शकुंतला म्हणजे आमच्याकडची यवतमाळ-मुर्तिजापूर जुनी छोटी रेल्वे. तो घरीच खोक्याची, काड्यांची शकुंतला गाडी करतो आणि मोबाईलवर तिचे व्हिडिओ काढून टाकतो. अकरा भाग झाले. आधी मी लय रागावलो. पण फेब्रुवारीत एक भाग अडतीस हजार लोकांनी पाहिला. तेव्हापासून मी रोज आकडा पाहतो आणि त्याले सांगतो, आठवड्याले एक तरी टाक, यातच करिअर कर. त्याचा मामा म्हणते पुण्याले ॲनिमेशनचा कोर्स आहे, तीन लाख फी. कर्ज काढाची तयारी आहे. नाहीतर लोको पायलट, म्हणजे रेल्वेचा ड्रायव्हर. पण दोन महिने झाले, पोरानं गाडीले हात लावला नाही. कोणता कोर्स बरा? लिंक पाठवत आहे.
– एक वडील, जि. यवतमाळ

नमस्कार भाऊ,

कोर्सचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मी त्याच्या आधीच्या वाक्यावरच अडले. दहावीचे पेपर संपले, सुट्टी लागली, दिवसभर वेळ हातात आला आणि नेमकं तेव्हाच पोरानं काम बंद केलं. अभ्यासाच्या धामधुमीत जे त्यानं सोडलं नाही, ते रिकाम्या उन्हाळ्यात सोडलं. हे आळसानं होत नाही.

तुमच्या लिंकवरचे दोन भाग पाहावेत म्हणून बसले आणि अकराही पाहून उठले. गाडीला मोटर नाही. तो गाडी बोटभरही नाही, जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकवतो, फोटो घेतो, पुन्हा सरकवतो. हे फोटो सलग लावले की गाडी चालताना दिसते. सेकंदाला बारा फोटो, असं त्यानंच सहाव्या भागात सांगितलं आहे. म्हणजे चार मिनिटांच्या भागाला २,८८० फोटो. दिवसा ऊन सरकतं तशी सावली उडी मारते, म्हणून तो रात्री खिडक्या लावून बल्बच्या उजेडात काम करतो. आता तुमचं 'आठवड्याले एक' मोजा. रोज चारशेच्या वर फोटो, तेही झोपेच्या वेळी, आणि त्यात नवा डबा बनवायला वेळ कुठेच नाही.

स्पष्ट बोलते. तुम्ही रागावत होता तेव्हा तो गाडी बनवत होता. तुम्ही कौतुक करू लागलात आणि तो थांबला. राग त्यानं सोसला, पण हे कौतुक त्याला पेललं नाही, कारण त्यात तीन लाखांचं कर्ज बांधलेलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांच्या पोराला कर्ज म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. चार एकर कोरडवाहू त्या खोक्याच्या गाडीवर लादली, तर ती जागची हलणार कशी?

व्ह्यूजच्या पैशाचं थोडक्यात सांगते. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला यूट्यूबवर एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. प्रत्येकानं दोन मिनिटं पाहिलं असं धरलं तरी त्याला सव्वा लाखाच्या आसपास व्ह्यूज हवेत. अठरा वर्षांखालच्या मुलाला ते पैसे स्वतःच्या खात्यावर घेताही येत नाहीत. या भरवशावर कोणतंही कर्ज काढू नका. ॲनिमेशनची ओढ टिकली, तर अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते.

आणि लोको पायलट. 'पोराला गाडी आवडते, मग गाडी चालवू दे' हा समज मला दर उन्हाळ्यात भेटतो. सहायक लोको पायलटसाठी दहावीवर आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो, आणि वैद्यकीय तपासणीत चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६ नजर लागते. शेवटच्या भागात खिडकीच्या काचेत तुमच्या मुलाचा चष्मा मला दिसला. पण चष्मा नसता, तरी मी हेच म्हटलं असतं. त्याला चालवण्याची हौस आहे, असं या अकरा भागांत कुठेच दिसत नाही. त्याला मोजण्याची आणि घडवण्याची हौस आहे. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्यानं २४ घेतलं, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. मग चौथ्या भागात त्याच्या लक्षात आलं, की या मापानं साडेपाच फुटी माणूस पाच सेंटिमीटरच्या थोडा वर जातो आणि स्टेशनच्या दारात मावत नाही. त्यानं अख्खं मुर्तिजापूर स्टेशन मोडून पुन्हा बांधलं. गणितात ५१ मिळालेल्या मुलानं गुणोत्तरासाठी बांधलेलं स्टेशन मोडलं! त्या ५१वर मी त्याचं काही ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका.

अकरावी विज्ञान, यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनातला डिप्लोमा, आयटीआयचा फिटर, यातलं काहीही त्याला जमेल. माझा कल डिप्लोमाकडे आहे. पण अर्जाच्या तारखा पाळण्यापुरतीच घाई करा.

त्याआधी रोज आकडा पाहणं बंद करा. बंद केलं, हे त्याला सांगूही नका. कर्जाचा विषय मात्र त्याच्यासमोर मिटवा, साध्या शब्दांत : 'आपण काढत नाही.' तिसऱ्या भागात आजोबा गाडीतून कापूस कसा जायचा ते सांगतात, तो त्या मालिकेतला सर्वांत सुंदर भाग आहे. शकुंतला १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती, तेव्हा लहानपणी तुम्हीही ते इंजिन पाहिलं असेल. तुमच्या आठवणीतलं इंजिन त्याच्या एकाही भागात नाही, कारण तुमच्याजवळ फक्त आकड्याचीच गोष्ट निघाली. एखाद्या दिवशी त्याला घेऊन नागपूरला जा. मोतीबागेत नॅरोगेज, म्हणजे शकुंतलेसारख्या अरुंद रुळांच्या रेल्वेचं संग्रहालय आहे. खिशात मोजपट्टी असू द्या, मोबाईल त्याचा त्याला काढावासा वाटला तर काढेल.

तुमच्या पत्रात मुलाचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही वाचू नका. कारंजा स्टेशनजवळच्या वळणावर त्याचा लांब डबा नवव्या भागात तीनदा रुळावरून उतरतो, त्याबद्दल मला त्याला काही विचारायचं आहे.