लेक वर्गणी मागते, याची लाज कशाला?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. मुलगी यवतमाळला होस्टेलवर राहून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिथल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या गटात जाते. या मंडळींनी खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका काढायचं ठरवलंय. त्याच्या निधीसाठी डिसेंबरात मोठ्या हॉलमध्ये भोजनाचा कार्यक्रम आहे. पाहुण्यांची यादी, टेबलं, देणग्यांचा हिशेब सगळं हिच्याकडे. गावात लोक विचारतात, ‘पोरीले शिकाले धाडलं का वर्गणी गोया कराले?’ ती म्हणते, यातच करिअर करीन. काय करावं?

उत्तर : भाऊ, ‘यातच’ म्हणजे नेमकं कशात, हे आधी तिला विचारा. हॉलची सजावट, स्टेज, सूत्रसंचालन तिला आवडत असेल तर ती वाट इव्हेंट मॅनेजमेंटची. लग्नसराईत काम भरपूर, पावसाळ्यात हात रिकामे. त्यासाठी भारी फी घेणारे डिप्लोमेही निघालेत. त्यात पैसे घालण्याआधी एखाद्या चांगल्या मंगल कार्यालयात किंवा केटररकडे एक सीझन काम केलेलं बरं. पण तुमच्या पत्रात स्टेजचं नावच नाही. यादी आणि हिशेब आहे. म्हणून मी त्याबद्दलच, म्हणजे संस्थेसाठी निधी उभारण्याच्या कामाबद्दल लिहिते.

अशा भोजनाचं गणित तुम्हाला परकं नाही. उपकारस्तुतीच्या सणाला, पिकाबद्दल देवाचे आभार मानताना, चर्चमध्ये भोपळ्याचा लिलाव होतो, वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो आणि घेणारा खुशीत घरी जातो. इथंही ताटाची किंमत कुणी मोजत नाही. एकेका टेबलाला एक यजमान असतो, तो आपल्या ओळखीची आठ-दहा माणसं घेऊन येतो. जेवणाचा खर्च शक्यतो एखाद-दोन प्रायोजकांकडून आधीच काढतात, म्हणजे त्या रात्रीची देणगी पूर्ण कामाला लागते. मग एखादा विद्यार्थी पाच मिनिटं बोलतो: खोलीत चौघं, दिवा एकच, अभ्यास कुठं करायचा? त्यानंतर संकल्पपत्रं वाटतात. किती देणार आणि केव्हा, ते पाहुणा त्यावर लिहितो. (आपल्याकडे नेमक्या याच वेळी शाल-श्रीफळाचे सत्कार सुरू होतात आणि अर्ध्या तासात पाहुण्याचा खिशात गेलेला हात रिकामाच बाहेर येतो. मुलीला सांगा, सत्कार दोनच ठेव, तेही सुरुवातीला.)

खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. कागदावरचा आकडा हातात यायला महिने लागतात. आभाराचा फोन, पावती, न आलेल्या रकमेची न दुखावता आठवण, आणि अभ्यासिकेचं काम कुठवर आलं त्याचं पत्र. जिथं हे नीट होतं तिथं दाता पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतो. ही चिकाटी फार थोड्यांकडे असते, आणि संस्था पगार देतात तो याच कामाचा.

हिशेबाबाबत मात्र मी कडक आहे. देणगीचा क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. मुलीच्या मोबाइलवर एक रुपयाही घेऊ नये, ‘नंतर भरू’ म्हणूनसुद्धा नाही. फेलोशिप नोंदणीकृत न्यासाखाली आहे का, तेही बघा. नसेल तर अशी वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. पावतीवर ‘८०जी’ (देणगीदाराला आयकरात सवलत देणारं कलम) छापायचं तर संस्थेकडे ती मान्यता असायला हवी. शिवाय २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे दात्याला आधीच सांगावं. आणि परदेशी पासपोर्टवाला कुणी नातेवाईक पैसे पाठवतो म्हणाला, तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. बी.कॉम.च्या मुलीला हे सारं शिकायला मिळतंय, तेही फी न भरता.

लोकांच्या बोलण्याचं काय? गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. कीर्तनातून लोकांपुढे हात पसरून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःजवळ मडकं आणि काठी ठेवली. १९४९चं वरोऱ्याचं आनंदवन, १९७३चं हेमलकशाचं लोकबिरादरी, गडचिरोलीत आरोग्यसेवा करणारं ‘सर्च’ ही कामंही लोकांच्या देणग्यांच्या आधारानं वाढली. तिथंही पावत्या फाडणारं, पत्रं लिहिणारं, ऑडिटरपुढे वह्या मांडणारं कुणीतरी असतंच.

पुढचं शिक्षण म्हणाल, तर बी.कॉम. सोडायचं नाही, उलट टॅली आणि एक्सेल पक्कं करायचं. नंतर समाजकार्याची पदवी नागपूर-यवतमाळातही होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाला जायचं तर प्रवेश परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षाआधीच धरावी लागेल. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या पैशाचा अहवाल लिहिणारी, आकडे समजणारी माणसं संस्थांना हवीच असतात. सुरुवातीचा पगार बेताचा, नोकरी बहुधा नागपूर-पुण्याकडची, आणि सरकारी नोकरीची शाश्वती नाही. हे तिच्याशी आत्ताच मोकळेपणानं बोला.

एक अडचण मला लोकांच्या बोलण्यापेक्षा मोठी वाटते, ती तारखेची. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा, कापसाची वेचणी आणि हा कार्यक्रम एकाच सुमाराला येतायत. नाताळ आला की पाळकसाहेबांनाही उसंत नाही. कार्यक्रम जानेवारीत ढकलता येतो का, हे तिनं समितीला विचारावं. नसेल तर पाहुण्यांचे फोन दुसऱ्या कुणाकडे द्यावेत आणि हिशेब तेवढा स्वतःकडे ठेवावा. वेचणीला यंदा एक मजूर जास्त लावा. कार्यक्रम झाल्यावर तिनं काय काय सांभाळलं ते फेलोशिपच्या लेटरहेडवर लिहून घ्यायला सांगा. ‘कार्यक्रमात मोलाचा सहभाग’ एवढंच लिहिलं तर परत पाठवा, टेबलं किती, रक्कम किती, वसुली किती हे त्यात हवं.